खडकमाळचं पान

"ह्यात आमचं गाव कुठं हाय?"

वच्छलाक्कांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मान झुकवून विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं, तर बोटाखाली अख्खं गाव झाकलं गेलं. बोट उचललं तेव्हा त्यांनी पदराच्या टोकानं पडदा पुसून काढला. गाव त्यांना धूळच वाटलं असावं. वर भलंमोठं आभाळ, खाली भलामोठा माळ आणि मधल्या रेघेवर ज्वारीचे पाच-सात दाणे सांडावेत तसं खडकमाळ.

"ही शाळा, हे देऊळ," मी म्हटलं.

"हे कुठलंबी गाव असंल," अक्का शांतपणे म्हणाल्या. "आमचंच हाय हे कुणी सांगावं?"

ही शुक्रवारची गोष्ट. दिवाळी आठवड्यावर आली होती आणि सोमवारी अकरा वाजता सखी दूध संघाच्या कार्यालयात कॅलेंडरचे बारा फोटो पसंत व्हायचे होते. अकरा माझ्या बॅगेत तयार होते. बारावा खडकमाळचा, आणि तो हा असा.

आज या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि माझ्याएवढी हुशार फोटोग्राफर कऱ्हाडपासून म्हसवडपर्यंत दुसरी नाही, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. सहा वर्षं विलासभाऊ साळींच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो काढून मी विटले होते. नवऱ्या मुलींचे डोळे पुसतानाचे फोटो काढून काढून मला मुहूर्ताची तारीख ऐकली तरी जांभई यायची. मला डोंगर काढायचे होते, आभाळ काढायचं होतं. म्हणून साठवलेलं सगळं मोडून मी फुल फ्रेम कॅमेरा घेतला आणि विलासभाऊंचा निरोप घेतला. निरोप कसला, तोऱ्यातच निघाले. त्यांची ती पांढरी, हातभर लांब लेन्स टेबलावर ठेवत म्हटलं, "हा तुमचा पाइप सांभाळा. माझ्या हातात हा पुन्हा दिसायचा नाही." मांडवाच्या पार टोकाला उभं राहून नवरीच्या पापणीवरचं पाणी टिपायला ती लेन्स होती, आणि सहा वर्षं ती माझ्याच खांद्यावर होती.

त्या निघण्यामागे माझ्या मते कारणही होतं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान होता. चित्र जिथं उमटतं तो तुकडाच लहान, त्यामुळे लेन्स कितीही पसरट दाखवो, तिच्या कडा कापल्या जायच्या. कड्यावर उभं राहावं, डोळ्यांना पाच डोंगर दिसावेत आणि फोटोत तीनच यावेत, हे मी सहा वर्षं सोसलं होतं. फुल फ्रेम म्हणजे तो तुकडा मोठा, जुन्या रोलच्या फिल्मएवढा. आता मला काही कापून घ्यायचं नव्हतं. जुन्या लेन्स लहान सेन्सरसाठी बनवलेल्या, मोठ्यावर लावल्या की चारी कोपरे काळे पडायचे. म्हणून त्याही जुन्या कॅमेऱ्याबरोबर विकून टाकल्या.

लेन्स घ्यायला पुण्याला गेले तेव्हा दुकानातल्या बोकीलकाकांनी मला बराच वेळ बसवून घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून ते विचारत होते की कुठे कुठे जाणार, जवळ जाता येणार का, काय दाखवणार. निसर्गाला एक पसरट लेन्स लागतेच, पण एक लांबचीही असू दे, अगदी साधी, वापरलेली का असेना, असा त्यांचा सल्ला होता. मी हसले. निसर्गचित्र म्हणजे पसरट लेन्स, हे मी इतक्या व्हिडिओंमध्ये ऐकलं होतं की दुसरं काही बोलणारा मला जुन्या काळातला वाटायचा. सोळा-पस्तीसची, म्हणजे सोळाला सगळ्यात पसरट आणि पस्तीसला जरा जवळचं दाखवणारी, देखणी लेन्स घेतली आणि परतीच्या एस.टी.त ती मांडीवर घेऊनच बसले.

आणि ती फळलीही. संघ बायकांचा, गावं बारा, प्रत्येक गावाची एक संचालिका. दरवर्षी कॅलेंडरवर देवदेवता असायच्या. त्या वर्षी अध्यक्षा विमलताई शेडगे म्हणाल्या की देवांना पुरे झालं, यंदा आपली गावं छापू, आणि ते काम माझ्याकडे आलं. धबधब्याचं गाव होतं, धरणाचं होतं, घाटातलं होतं, दीपमाळेचं होतं. प्रत्येक ठिकाणी मी पसरट लेन्स लावून जवळचा दगड नाहीतर फूल पुढे घेतलं, मागे डोंगर आणि आभाळ पसरलं, आणि बायका म्हणाल्या, "आगं बया, हे आपलंच व्हय?"

खडकमाळला मात्र पुढे घ्यायला नुसते दगडच होते आणि मागे काहीच नव्हतं. विमलताईंनी मला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की तिथलं जमलं नाही तर धबधब्याचा दुसरा फोटो घालू, काही बिघडत नाही.

अक्का खडकमाळच्या संचालिका, म्हणून हे मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला वाटलं त्यांना आधार वाटेल. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हाताला दुधाचा वास असलेल्या त्या बाईनं खांद्यावरचा पदर नीट केला आणि पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आमच्या गावात चौदा पोरं लग्नाची हायती," त्या म्हणाल्या. "कुनी तीस, कुनी बत्तीस. बरी हायती, निर्व्यसनी. गावाचं नाव सांगितलं की पावणं चहा टाकून उठत्यात. म्हंत्यात, खडकमाळ? तिथं हाय काय? आमची पोरगी जन्मभर डोक्यावर हंडा वाहील. आता कॅलेंडरातबी आमच्या जागी दुसऱ्याचं पानी घालनार म्हनल्यावर, तिथं खरंच काय न्हाई, असंच हुनार न्हवं?"

संघाचं कॅलेंडर आसपासच्या चार तालुक्यांत घरोघरी लागायचं. स्वयंपाकघरात, फळीच्या वर, दुधाच्या खुणा करायला. एक पान महिनाभर भिंतीवर. अक्कांना ते पान का हवं होतं ते मला आता कळलं होतं, आणि माझ्या बॅगेतल्या देखण्या लेन्सनं ते मिळणार नव्हतं, तेही कळलं होतं.

"तुम्हाला तुमचं गाव कुठून चांगलं दिसतं, अक्का?" मी विचारलं. खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून.

"टेकावनं," त्या लगेच म्हणाल्या. "चल की."

संध्याकाळचा दुधाचा टेम्पो त्या टेकावरूनच मोठ्या रस्त्याला लागतो. गावापासून दोनेक किलोमीटर. आम्ही किटल्यांच्या मधे बसून गेलो. टेकावर उतरल्यावर मी गावाकडे पाहिलं आणि मला तोच माळ दिसला, फक्त आणखी लांबून.

अक्कांनी उजव्या हाताची मूठ वळली, मधे बोटभर भोक ठेवलं, आणि ती डोळ्याला लावून दुसरा डोळा मिटला. मेंढरं राखणारी माणसं असं बघतात. माळावर उजेड इतका असतो की उघड्या डोळ्यांना सगळंच पांढरं दिसतं, मुठीतनं बघितलं की हवं तेवढंच राहतं.

"ती बघ लाल लुगड्यातली शेवंता. म्हशी घिऊन निघाली. तिच्या मागं चवथा बांध. त्याच्या वर पाचवा. सातवा तिथं, लिंबाखाली."

"कसले बांध?"

"आमचंच की. सात बांध हायती. आम्ही बायांनीच घातल्यात. तीन उन्हाळं लागलं. पुरुष मान्सं हसायची, मग तीबी आली."

मीही मूठ वळली आणि डोळ्याला लावली. एवढं आभाळ आणि एवढा माळ एकदम गेला. उरला तो चढाचा एक तुकडा. घरं, त्यांच्या मागे एकावर एक चढत गेलेल्या सात रेघा, आणि प्रत्येक रेघेमागे परतीच्या पावसाचं साठलेलं पाणी, तांब्याच्या पट्टीसारखं. गावात उभं राहिलं की एकच बांध दिसायचा, तोही मातीचा ढीग. इथून सात एकमेकांना चिकटून दिसत होते.

"हे मला दुपारी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू ईचारलंस कुठं? आल्यापासनं दगड शोधत हुतीस."

मी घाईने कॅमेरा काढला, पसरट लेन्स तिच्या शेवटाला, पस्तीसला नेली. पडद्यावर पुन्हा दाणेच आले. तेवढाच भाग कापून मोठा करून पाहिला तर बांधांच्या जागी नुसते ठिपके. कॅलेंडरच्या पानावर ते फुटून गेले असते. मूठ जे करत होती ते माझी लेन्स करू शकत नव्हती, आणि जी करू शकली असती ती मी कऱ्हाडात विलासभाऊंच्या टेबलावर सोडून आले होते.

शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि नाक मुठीत धरून विलासभाऊंच्या दारात उभी राहिले. ते दुकानापुढे पाणी मारत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला नाही.

काय काय म्हणायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं. म्हणताना मात्र सगळं एका वाक्यात आटोपलं. "भाऊ, पाइप दोन दिवस द्याल का?"

"कुणाचं लग्न?" त्यांनी विचारलं. "अजून तुळशीचं व्हायचंय."

"लग्न नाही. गावाचा फोटो आहे."

त्यांनी पाइप खाली ठेवला, म्हणजे पाण्याचा, आणि आत गेले. मला वाटलं आता पाच मिनिटं भाषण होणार. भाऊ लेन्सचं ते ओळखीचं काळं पाकीट घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "तुळशीच्या लग्नाच्या आधी आणून दे. पुढच्या काचेला हात लावू नकोस, तुझी जुनी खोड आहे ती." मग जरा थांबून, "आणि रेणू, ही लेन्स तू सहा वर्षं अर्धीच वापरलीस. ती मोठ्या कॅमेऱ्याची आहे. आपल्या लहान कॅमेऱ्यावर तिच्या कडा वायाच जायच्या. लावून बघ आता."

मी तिथंच, ओल्या फरशीवर उभी राहून लावून पाहिली. समोरच्या कोपऱ्यावरची पानाची टपरी मला आठवत होती त्याहून लहान दिसली, पण तिच्या बाजूचा लिंब आणि सायकलचं दुकानही आत आलं. मी दचकले. मला ती लेन्स पाठ आहे असं मला वाटत होतं.

भाऊंचे आभार मानायला मला जमलं नाही. "येते" एवढंच म्हटलं आणि निघाले. त्याची खंत मला बरेच दिवस होती.

रविवारी उजाडायच्या आत मी आणि अक्का टेकावर होतो. सकाळच्या दुधाला बाया बाहेर पडायच्या त्याच वेळी सूर्य गावामागून वर यायचा, आणि तो वर आला की दहा मिनिटांत हवा तापून थरथरायला लागते. लांबच्या लेन्सला ती थरथर दिसते, मग काहीच धड येत नाही. म्हणजे माझ्या हातात दहा मिनिटं होती.

कॅमेऱ्याची तिवई लावली, लेन्स चढवली, आणि वारा सुटला. टेकावर वाऱ्याला अडवायला काहीच नव्हतं. पडद्यावर खडकमाळ झोपाळ्यावर बसल्यासारखं हलत होतं. मी तिवईचे पाय आखडून बुटकी केली, स्वतः आडवी उभी राहिले, दुपट्टा धरला. हलायचं थांबेना. पूर्वेकडे तांबूस झालं होतं.

"वजन पायजे का?" अक्कांनी विचारलं.

मी हो म्हणेपर्यंत त्या टेम्पोची वाट बघत ठेवलेल्या त्यांच्या घरच्या दुधाच्या किटलीकडे गेल्या, ती उचलून आणली आणि तिवईच्या मधल्या आकड्याला कडी अडकवली. दहा लिटर दूध. तिवई जमिनीत रुतल्यासारखी गप्प झाली. मग अक्का लेन्सच्या वाटेतून जरा बाजूला सरून, वाऱ्याकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून उभ्या राहिल्या.

मी पडद्यात बघितलं. सातही बांध आले होते, खालच्या पहिल्यापासून लिंबाखालच्या सातव्यापर्यंत. जुन्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स लावली असती तर चार, फार तर पाच मावले असते. त्या क्षणी मला माझ्या नव्या कॅमेऱ्याचा जो अभिमान वाटला तो, कॅमेरा विकत घेतला त्या दिवशीही वाटला नव्हता.

पाण्याच्या पट्ट्या आधी राखाडी होत्या, मग गुलाबी झाल्या, मग एकदम पेटल्या. आणि बाया निघाल्या. डोक्यावर, कमरेवर किटल्या घेऊन, बांधांवरूनच, कारण वाट तीच होती. पाण्याच्या प्रत्येक रेघेवर लाल, हिरवा, पिवळा ठिपका चालायला लागला. अक्का तिकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. मी मोठ्यानं सांगत होते, "तिसऱ्यावर हिरवं लुगडं आलं." त्या न वळता म्हणायच्या, "ती कमळा." मी म्हणायचे, "पाचव्यावर दोघी." त्या म्हणायच्या, "जावा हायती, भांडत असत्याल."

सूर्य वर आला, हवा हलायला लागली. मी कॅमेरा बंद केला आणि अक्कांना पडदा दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी काही पुसलं नाही.

"किटली काढ आता," त्या म्हणाल्या. "टेम्पो आला."

सोमवारच्या बैठकीत बारा फोटो टेबलावर मांडले. धबधब्याच्या गावच्या संचालिका खडकमाळचा फोटो उचलून विमलताईंना म्हणाल्या की हे आपल्या संघातलं नसावं, कोकणातलं चुकून आलंय. विमलताईंनी चष्मा लावला, काढला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे. अक्कांनी एकेका ठिपक्यावर बोट ठेवून नावं सांगितली. सात बांध मोजून दाखवले.

"कुठला महिना देऊ तुम्हाला?" विमलताईंनी विचारलं.

"मे," अक्का म्हणाल्या.

मे महिना कुणालाच नको होता. उन्हाळ्याचं पान, त्याकडे कोण बघतं, असं सगळ्या म्हणत होत्या. अक्कांनी मात्र घरूनच ठरवून आणलं होतं.

"मे महिन्यात घरोघरी पावणं असत्यात," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या गोष्टी निघत्यात. बसल्याजागी मान्साची नजर भिंतीवर जाती."

तसंच छापलं गेलं. खाली ठळक अक्षरांत खडकमाळ, आणि बारीक अक्षरांत माझं नाव. लेन्स मी तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी परत केली, पुढच्या काचेला हात न लावता. पुढची चार वर्षं संघाचं कॅलेंडर मीच केलं. त्यातूनच नंतर एक वापरलेली लांबची लेन्स बोकीलकाकांकडून घेतली. त्यांनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. चहा मात्र पाजला.

कॅलेंडरचं वर्ष संपलं. पुढच्या फेब्रुवारीत अक्कांचा फोन आला. गावात लग्न आहे, फोटो काढायला ये. मी लग्नं सोडलीत, हे मी त्यांना सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "माझ्या धनाजीचं हाय."

त्या चौदांत एक त्यांचा स्वतःचा मुलगा होता. धाकटा, एकतीस वर्षांचा. टेकावर दोन दिवस माझ्याबरोबर उभ्या होत्या, त्याचं नावही काढलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, त्याचं एकट्याचं पान थोडंच मागायचं होतं.

मी गेले. मुद्दाम पसरट लेन्सच घेऊन गेले. नवरीचे वडील औंधकडचे, अबोल. जेवताना त्यांनीच विषय काढला. मे महिन्यात दूधवाल्याचं कॅलेंडर भिंतीवर होतं, त्यांची मुलगी रोज ते पान बघायची. जून लागला तरी तिनं ते उलटू दिलं नाही. शेवटी तेच एकदा येऊन टेकावर उभे राहिले, पाणी खरंच आहे का बघायला. पाऊस अजून लागला नव्हता, तरी खालच्या दोन बांधांत होतं.

अक्षता पडल्यावर अक्का म्हणाल्या की सगळ्यांचा एक फोटो काढ. सगळ्यांचा म्हणजे अख्ख्या गावाचा. मी दुधाच्या टेम्पोच्या टपावर चढले. खाली नवरा-नवरी, त्यांच्याभोवती शेवंता, कमळा, त्या भांडणाऱ्या दोन जावा, म्हातारे, लेकुरवाळ्या, आणि एका बाजूला नवे सदरे घालून ओळीनं उभी असलेली उरलेली तेरा पोरं. मी लेन्स सोळापर्यंत उघडली. कडेचा एकही माणूस कापला गेला नाही.

खाली उतरले तेव्हा अक्कांनी हात पुढे केला. कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदराच्या टोकानं आधी डोळे पुसले, मग पडदा, आणि बारीक डोळे करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेल्या, हजेरी घेतल्यासारख्या.

"ह्यात आलं बघ आमचं गाव," त्या म्हणाल्या.